सिल्लोडला डब्यातून नेलेला केसाळ कोळी

माझ्या भयकथेतला बैलाएवढा केसाळ कोळी एक अख्खा हवालदार गिळतो. त्यावर एका वाचकाने विचारलं, "ताई, असला कोळी कधी डोळ्यांनी पाहिलाय का?" मी पालीलाही घाबरते. तरी फुशारकीने "लवकरच पाहणार आहे" असं लिहून बसले. नवरा, संदीप, म्हणाला, "मावशीच्या घरी वाशांवर असतो की! चल."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं आणि सहा वर्षांची सई गारखेड्याहून गाडीने निघालो. फुलंब्रीला चहा घेतला. सिल्लोडच्या पुढे डोंगराकडे वळलात की शेवटचा रस्ता कच्चा आहे, गाडीचं पोट घासतं. एसटीने जाणार असाल तर फाट्यावर उतरून चालायची तयारी ठेवा.

संदीपच्या मावशींकडे मेंढरं आहेत आणि थोडा मका. जेवायला भाकरी, ठेचा आणि शेतातली भाजलेली कणसं. एवढ्यासाठीसुद्धा जावं. कोळ्याचं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "कातीण व्हय? हाये वर. पण चिरडायची नाय हां, चिरडली की अंगावर उठती." आम्ही वाशांवर बॅटरी मारून पाहिलं, काही दिसलं नाही. मला मनातून बरंच वाटलं.

रात्री तिथेच झोपलो. सकाळी सईच्या मानेवर लालभडक पट्टा उठला होता, त्यावर बारीक फोड. आणि उशीशेजारी पाय पसरलेला काळा, केसाळ, तळहाताएवढा कोळी!

"कातीण फिरली गं लेकराच्या अंगावरनं!" म्हणत मावशींनी काव, म्हणजे तांबडी माती, उगाळून तिच्या मानेला फासली. डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी कोळ्यावर स्टीलचा डबा पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि झाकण घट्ट लावलं. हात माझेच होते यावर अजून विश्वास बसत नाही. माझ्या कथेत विष चढायला दोन ओळी पुरतात. सिल्लोडच्या दवाखान्याकडे गाडी काढली, सिल्लोड मात्र येता येईना. 

डॉक्टरबाईंनी काव पुसून मान पाहिली. "हे कोळ्याचं काम नाही. दिव्यावर येणारा बारका किडा झोपेत चिरडला गेलाय, त्याच्या रसाने कातडी भाजते. मलम देते, जाईल."

"मग हा?" मी डबा पुढे केला.

त्यांनी झाकण उघडलं आणि चक्क दोन बोटांनी कोळी उचलला. मी खुर्चीवर चढले.

"ताई, उतरा खाली. ही नुसती कात आहे. वाढताना तो जुनी कातडी अशी अख्खी उतरवतो. खरा असता आणि चावला असता, तरी दुखलं असतं, सुजलं असतं. हा काही जिवावर उठणारा नाही."

मी खुर्चीवरच हसत हसत रडले. सईला एवढं घट्ट धरलं की तीच ओरडली. 'चिरडली की अंगावर उठती' हे मावशींचं खरंच होतं, फक्त आरोपी चुकला होता.

आता घरी येऊन आठवडा झालाय. सईची मान बरी आहे, आणि कांद्याच्या सालीसारखी हलकी कात काचेच्या बरणीत आहे. काल सई बरणीकडे बघत म्हणाली, "आई, कातडी इथं आहे, मग कोळी कुठंय?"

मी तडक मावशींना फोन लावला.

"हाये की वर! नवं कातडं लई चकाकतंय. लेकराला घेऊन ये, दावते."

सईने लगेच दप्तर रिकामं करून त्यात कपडे भरले. मी बाजारात जाऊन आधी मच्छरदाणी आणली आणि मगच हो म्हटलं.