बाळंतिणीच्या दारातलं पाणी

सुनेचं सिझर झालं तेव्हा लातूरच्या एका दवाखान्यात मी सात दिवस मुक्काम ठोकला. हात कसे धुवावेत याचं भलंमोठं रंगीत चित्र वॉर्डात लावलेलं. त्याच्याखालचा नळ मात्र फिरवला की नुसता खोकायचा. साबण सिस्टरच्या कपाटात, कुलपात. लोक चोरतात म्हणे. म्हणजे साबण एकदम सुखरूप, बायकांचं काय व्हायचं ते होऊ द्या!

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पोरीचे टाके पिकले. तापानं फणफणली बिचारी. आता आपलीचं काय, म्हणून माझा जीव खालीवर. तेवढ्यात ड्रेसिंगवाला तिचा पू पुसून त्याच हातमोज्यांनी माझ्या सुनेकडं वळला. मी मधी उभी राहिले.

"मावशी, सरका. ग्लोव्हज हायेत की हातात."

"हायेत रे बाबा. पण ते तुझे हात जपायलेत. हिचं पोट कोण जपणार?"

तोंड वाकडं केलं त्यानं, पण मोजे बदलले.

मग मी साबण विकत आणला, खालून बादली भरून आणली आणि वॉर्डाच्या दारात तांब्या घेऊन बसले. येईल त्याच्या हातावर पाणी. दुपारी माझी लेक रेणापूरहून आली, भाच्याला बघायला. मी तांब्या पुढं केला, तर ती दोन पावलं मागं.

"आई, मी काय मयतीहून आले का?"

आमच्याकडं दारात पाणी ठेवायचं ते मयतीहून आलेल्यांसाठी. मेलेल्याला शिवलं की आम्ही डोक्यापासून नखापर्यंत शुद्ध होणार. जित्याला शिवताना कशाला धुवायचे हात? एसटीचा दांडा धरायचा, चप्पल उचलायची, त्याच बोटानं बाळंतिणीच्या टाक्यांवर अंगारा लावायचा. लई पुण्य!

"मयत होऊ न्हाई म्हणूनच धू," मी म्हणाले.

लेकीनं सोबत आणलेली अंगाऱ्याची पुडी माझ्या मांडीवर टाकली आणि बाळाचं तोंड न बघता निघून गेली. मला रडू आलं, पण तांब्या हातातून सोडला न्हाई.

सातव्या दिवशी सुनेचे टाके कोरडे ठणठणीत निघाले.

बारशाला आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आली बाईसाहेब. उंबऱ्याबाहेरच थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बायांनो, आधी हात धुवा गं. न्हाईतर आमची आई भर बारशात मयत काढंल!"

टोमणाच होता. असू दे. मी पाणी ओतत गेले, त्या हात धूत गेल्या.