मामांच्या मालिकेचा शेवट मी फोडला

चहा यायच्या आत सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर तुम्ही हसाल आणि तो चहा माझ्या शर्टावर येईल. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण या वेळी ते तोंड मी थेट सासुरवाडीत उघडलं हो!

झालं काय, आमच्या सांगलीच्या वाचनालयात मी एक भाषण ठोकलं. विषय भारी होता. करमणुकीच्या जगातल्या कुठल्या मालिकांनी, कुठल्या सिनेमांनी लोकांवर कायमचा ठसा उमटवला? अंतराळातल्या लढाया, उडणारे महावीर, मोबाइलवरचे राक्षस, सगळं पाठ करून गेलो होतो. कुणाचे किती भाग, कुणाची खेळणी, कुणाचे टी-शर्ट. बावीस श्रोते होते, त्यातले चौदा तरी जागे असतील. टाळ्या पडल्या. त्या नेमक्या माझ्या डोक्यात गेल्या.

पुढच्याच आठवड्यात आम्ही रजा काढून रोहिणीच्या माहेरी गेलो. रोहिणी म्हणजे आमची बायको. गाव म्हसवडच्या पुढं. सासरे मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, आता डाळिंबाची बाग बघतात. मी त्यांना मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामा बोलायला एकदम कमी. लग्न ठरताना मला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पवायला येतं का?" का विचारलं, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

पोचलो त्याच दिवशी बघितलं, तर दुपारची जेवणं झाल्यावर मामा-मामी टीव्हीसमोर शेजारी-शेजारी बसलेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एक मालिका लागलेली. वसुधा नावाची बाई, तिचा नवरा श्रीधर नोकरीला लांब गेलेला, पुढं त्याचा पत्ताच नाही. ती वाट बघतीय. तो येतो की नाही? बास, एवढीच गोष्ट, आणि भाग म्हणाल तर शंभराच्या वर!

भाग संपला, मामी आत गेल्या, तसं मी लगेच भाषण चालू केलं. सोप्यावर बसून मामांना समजावून सांगितलं, जगात टिकतं काय आणि विसरलं जातं काय. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"पावनं, तुमच्या यादीत आमची ही मालिका हाय का?"

मी हसलो. अहो, हसलो! म्हणालो, "मामा, ही कुठली टिकतीय? हिचा शेवट किती पडेल होता! त्या श्रीधरनं तिकडं दुसरा संसार थाटलेला असतो."

मामा माझ्याकडं बघत राहिले.

"दुसरा संसार?"

आता इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला वाटलं, यांना वाईट वाटलंय, जरा सावरून घेऊ. म्हणालो, "तसा तो वाईट नव्हता हो. लेकरांमुळं अडकला बिचारा."

"पोरं बी हायत?"

"दोन. धाकटी अपंग आहे." ही धाकटी मी कुठून आणली, देव जाणे!

मामा उठले, टोपी घातली आणि तडक बागेत गेले. भर उन्हात.

आत वळलो तर रोहिणी दारात उभी. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आपल्याला खरंच पोहायला यायला पाहिजे होतं.

"काय केलंत हे?" ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं.

ही मालिका पहिल्यांदा लागायची तेव्हा मामा सरहद्दीवर होते. तिथं कसला टीव्ही! मामी दर आठवड्याला निळ्या अंतर्देशीय पत्रावर अख्खा भाग लिहून धाडायच्या. घरचं खुशाल वरच्या चार ओळींत, बाकी सगळी वसुधा. त्या लिहायच्या, "श्रीधर काही बरा माणूस दिसत नाही, बायकोची आठवण तरी असेल का त्याला?" मामा उलट टपाली उत्तर द्यायचे, "त्याला दोष देऊ नये. पुरुषाला शंभर कामं असतात. तो येणार." अशी तीन वर्षं दोघं श्रीधरवरून भांडली. म्हणजे कुणावरून, ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि शेवटचा भाग झाला तेव्हा मामींनी तो लिहिलाच नाही. "मालिका संपली. पुढचं घरी आल्यावर," एवढंच. सुट्टीवर आले तर म्हणाल्या, कायमचे या, मग सांगीन. कायमचे आले तर म्हणाल्या, आता स्वतःच बघा. पण मालिका परत कुठं लागतच नव्हती. यंदा ती इंटरनेटवर आल्याचं रोहिणीला दिसलं, तिनं टीव्हीला जोडून दिली. रोज एक भाग बघत दोघं शेवटच्या सहा भागांवर आले होते. आणि तिथं सांगलीहून हे विद्वान पोचले!

संध्याकाळी मामा बागेतून आले ते सरळ चुलीपाशी गेले. मी पडद्याआड उभा. मामींसमोर बसले आणि म्हणाले, "तुजं बरोबर हुतं गं. मी उगंच त्येची बाजू घिऊन लिवत हुतो."

मामींनी परात पुढं ओढली. भाकरी थापत राहिल्या.

मामा गेल्यावर मी आत जाऊन कान धरले. "मामी, चुकलो. एवढ्या वर्षांचं तुमचं गुपित मी फोडलं."

"आवं, कसलं फोडलंसा?" मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "दुसरा संसार त्या दुसऱ्या मालिकेतल्या वकिलानं केल्याला! आन् ती धाकटी कुठनं आणली?"

ऐका! ठशांवर भाषण देणाऱ्या माणसानं मालिकाच भलती सांगितली होती.

"मग मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना!"

"खबरदार!" मामींनी उलथनं उगारलं. "लग्नाला चाळीस वर्सं झाली. 'तुजं बरोबर हुतं' असं त्ये आज पयल्यांदा म्हणाल्यात. सा दिवस मला ऐकू द्या."

पुढचे पाच दिवस, काय सांगू, मी मामांची नजर चुकवत होतो. मामा मालिका बघायला बसेनात. मामी एकट्या बसायच्या, पण आवाज असा मोठा ठेवायच्या की गोठ्यातली म्हैस मान वळवायची. मामा बाहेर बाजेवर पाठ करून बसायचे. कान मात्र आत. मध्येच मला म्हणायचे, "त्या धाकटीचं पुढं काय झालं?" मी म्हणायचो, "बरी झाली मामा." दुसरं काय म्हणणार?

सहाव्या दिवशी शेवटचा भाग. मामा बाजेवरून उठले, उंबऱ्यात येऊन उभे राहिले. पडद्यावर वसुधा अंगण झाडतीय. फाटक वाजलं. श्रीधर. केस पिकलेले, हातात एक पत्र्याची ट्रंक. ती रडली नाही, धावली नाही. नुसतं विचारलं, "जेवलात का?"

संपली मालिका.

मामा उंबऱ्यातच उभे. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग मामींना म्हणाले, "हे तवा लिवलं असतंस, तर मी नोकरी सोडून आलो असतो."

"म्हणून तर न्हाई लिवलं," मामी म्हणाल्या.

रोहिणी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. त्या कॅलेंडरवर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग मामा वळले. मला वाटलं, संपलो आपण. मी सगळं कबूल केलं, वकील, धाकटी, सगळं. मामांनी ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पावनं, तुमी चुकीचं सांगितलंसा म्हणून लय बरं वाटलं. त्यो येणार म्हणून बसलो असतो, तर एवढं बरं वाटलं नसतं."

आता मामांनी नवी मालिका धरलीय. परवा फोन आला. "पावनं, हिचा शेवट काय हुईल, तुमाला काय वाटतं?"

मला भरून आलं. एवढं होऊनही माझं मत विचारतात! मी चांगली दहा मिनिटं विचार करून सांगितलं, "मामा, नायिका जाणार. शंभर टक्के."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग फोन बाजूला धरून मामा आत ओरडले, "अगं, काळजी करू नगंस! पावनं म्हणत्यात ती मरती. म्हंजे जगतीय!"