कार्डावरच्या भुवया

रत्नाकाकूंनी मला पहिल्यांदा फोटो काढायला सांगितला तेव्हा वाटलं, कराडच्या मैत्रिणींना पाठवायचा असेल. पण त्यांनी मला हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीपाशी नेलं, चष्मा काढला, कानांवरचे केस मागे सारले आणि चौकीत उभं केलेल्या माणसासारखा चेहरा केला.

"जरा हसा की, काकू."

"हसायचं नसतं. काढ."

काढला. त्यांनी माझा फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, कपाळाखालची दोन इंच जागा तेवढी बारकाईने बघितली आणि फोन परत दिला.

"डिलीट कर."

केला.

"आता डिलीट केलेले जिथे जातात, तिथूनही कर."

मी आयटीत आहे. हे आमच्या ऑफिसात भल्याभल्यांना सुचत नाही.

ईडन प्रेरीतल्या या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहतो. घर यतीनदादांचं. रत्नाकाकू आणि मोरेश्वरकाका हे त्यांचे आईवडील, नऊ वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर इथे अमेरिकेत आलेले. काकूंचा संशय घेण्याचा हात सढळ आहे. दारावरच्या कॅमेरावाल्या बेलसमोर त्या तोरणाचं एक पान बरोब्बर लोंबतं ठेवतात. दुकानात चाखायला ठेवलेलं चीज त्यांनी आजवर तोंडात घातलेलं नाही. "फुकट का देतात ते आधी सांग." मी राहायला आलो त्या दिवशी गाव विचारलं. मी म्हटलं, जत. "दुष्काळी जतचा? आणि इतका गोड बोलतोस?" तेव्हापासून मी त्यांच्या लेखी जतकर, आणि नजरेखाली.

पण फोटोंचा प्रकार दर रविवारी सुरू झाला, आणि संशय घ्यायची पाळी माझ्यावर आली. फोटोच्या आधी दीड तास वरची बाथरूम आतून बंद असायची. बाहेर काका टॉवेल खांद्यावर टाकून उभे.

"काका, आत काय चाललंय?"

"बाळा, चाळीस वर्षं संसार केला. प्रश्न विचारून आंघोळ लवकर मिळत नाही, हे शिकलोय."

आमच्या जतमध्ये एका रिटायर्ड मास्तरांना फोनवरून कोणीतरी कागदपत्रं आणि फोटो मागून पार गंडवलं होतं. काकूही अशाच कोणाच्या जाळ्यात सापडल्या असाव्यात, हा माझा पहिला तर्क. दुसरा असा की, बाई गुपचूप नवा पासपोर्ट करून कराडला पळायच्या बेतात आहेत. त्यात एकदा कचरा बाहेर न्यायची पाळी माझी होती, तेव्हा पिशवीत बटर पेपरचे तुकडे सापडले. प्रत्येकाला मधोमध चिंचेच्या आकड्यासारखं वाकडं भोक. पंधरावीस तुकडे, सगळे एका मापाचे. मी दोन खिशात घातले आणि आठवडाभर विचार केला. काही सुचलं नाही.

उलगडा बल्बने केला. एका रविवारी बाथरूमचा बल्ब गेला, काकांचा हात पुरेना, म्हणून मला बोलावलं. स्टुलावर चढलो आणि आरशावर नजर गेली. आरशाच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने काकूंच्या ग्रीन कार्डाची मोठी केलेली झेरॉक्स लावलेली. खाली ओळीने चिमटा, छोटी कात्री, पेन्सिल, शिंप्याची टेप आणि ते भोक पाडलेले बटर पेपर.

"काय बघतोस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारा सगळं बघतो." त्यांनी दार आतून लावून घेतलं. मी स्टुलावर, हातात बल्ब. "आता बघितलंसच, तर ऐकून घे. यतीनला बोललास तर बेसमेंट रिकामं करायचं."

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. कराडला काकूंची थोरली बहीण, अक्का, पडून खुब्याचं हाड मोडून बसली. आई लहानपणी गेल्यावर याच अक्काने काकूंना वाढवलं, शिवण शिकवलं, मशीन घेऊन दिलं. काकू सेवेला गेल्या आणि अकरा महिने राहिल्या. परत निघताना भाचीचं लग्न होतं, तिथे पार्लरच्या पोरीने दोरा घेऊन भुवया धनुष्यासारख्या बारीक कोरल्या. एकट्याच परतल्या. विमानतळावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने कार्डाकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे, आणि त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं. अडीच तास. इंग्रजी समजत नव्हतं, कोणी ओळखीचं नव्हतं, समोर एक माणूस रडत होता. शेवटी दुभाष्याला फोन लावून दोन प्रश्न विचारले आणि सोडलं.

"काय विचारलं?"

"इतके दिवस कुठे होता आणि घर कुठे आहे."

"मग काकू, ते अकरा महिन्यांमुळे. इतके दिवस बाहेर राहिलं की चौकशी करतात."

"तुझे काकाही हेच म्हणतात. अरे, तो माझ्या तोंडाकडे बघत होता, कॅलेंडरकडे नाही!"

पार्लरने कोरलेल्या भुवया पुन्हा भरल्याच नाहीत. थायरॉइड, वय, काहीही म्हणा. तेव्हापासून काकूंचा कुठल्याच पार्लरवर विश्वास नाही. कोणी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या पार्लरवालीचं कौतुक केलं तरी यांचं उत्तर एकच, "दोरा तिच्या हातात, धोक्यात माझं कार्ड." कराडात पंचवीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या बाईने मग भुवईचा खाका कापला. कार्डावरचा फोटो मोठा केला, बटर पेपरवर भुवई उतरवली, कात्रीने आकार काढला. काठ मऊ पडले की खाका फेकायचा, नवा कापायचा.

पुढची पद्धत त्यांनी मला साग्रसंगीत दाखवली. कोमट पाण्याने भुवया पुसून कोरड्या करायच्या. मस्काऱ्याच्या धुतलेल्या ब्रशने केस वर विंचरायचे, खाक्याबाहेर डोकावेल ते टोक तेवढं कात्रीने उडवायचं. चिमटा फक्त खालच्या चुकार केसांना. वरच्या ओळीला हात लावायचा नाही. मग पेन्सिल, तीही तपकिरी. काळी लावली की सोंग दिसतं. सरळ रेघ ओढायची नाही, केसाएवढ्या बारीक खुणा करायच्या, केस वळतो त्या दिशेने. नाकाकडे फिकट, शेपटाकडे गडद. शेवटी पुन्हा ब्रश फिरवायचा, आणि रविवारी फोटो काढून कार्डाशी ताडून बघायचं.

"हातशिलाई करतो तसं," काकू म्हणाल्या. "टाका दिसता कामा नये."

खरंच दिसत नव्हता. रोज समोरासमोर जेवणारा मी दीड वर्ष त्यांना भरघोस भुवयांची बाई समजत होतो.

आता गाठ अशी पडली होती की जानेवारीत अक्काचं सहस्रचंद्रदर्शन होतं. अक्काचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. "रत्ने, ओवाळायला तू नसलीस तर या हजार चंद्रांचं मी काय करू?" काकू म्हणाल्या, बघते गं, गुडघे दुखतात. फोन ठेवल्यावर काका शांतपणे म्हणाले, "गुडघे माझे दुखतात. तुझे नाही."

जायचं तर होतंच. पण परतताना पुन्हा त्या खोलीत बसवलं तर? यावेळी सोडलंच नाही तर? इथे नात आहे, नेत्रा, सात वर्षांची. मग काकूंनी रंगीत तालीम घेतली. एका शनिवारी सकाळी भुवया रेखून, मानेला प्रवासातली उशी लावून त्या हॉलमधल्या आरामखुर्चीत बसल्या. जेवण मांडीवर ट्रे घेऊन. दर चार तासांनी मी फोटो काढायचा. आठव्या तासाला त्यांना डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा डावी भुवई उशीवर होती.

"झालं," त्या उशीकडे बघत म्हणाल्या. "आठ तास टिकत नाही, आणि प्रवास वीस तासांचा. अक्काला कळवते."

त्यांनी फोन हातात घेतला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, आता तिथे कॅमेरा चेहरा ओळखतो. तो हाडं मोजतो, डोळ्यांतलं अंतर मोजतो. भुवया कोण बघतंय?"

"तुला त्या कॅमेऱ्याने सांगितलं?"

"तुमचा फोन दाखवेल. चेहऱ्याने उघडायची सोय लावून देतो."

ती सोय त्यांनी मुद्दाम बंद ठेवली होती. खूप वाद घालून, उजवीसारखी डावी भुवई पुन्हा काढून, त्यांनी एकदाची लावू दिली. मग खोबरेल तेलाचा बोळा घेऊन माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही भुवया पुसल्या. वळल्या तेव्हा भुवयांच्या जागी दहाबारा केस होते, बाकी फिकट कातडी. चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा. 

फोन समोर धरला. उघडला.

"योगायोग," काकू म्हणाल्या.

पेन्सिलने दोन बोटं जाड भुवया काढल्या. काका आतून आले आणि दचकले. "अगं, हिरण्यकश्यपू!" फोन उघडला. नेत्राच्या कार्टूनवाल्या बँडेजपट्ट्या कपाळाखाली चिकटवल्या. तरी उघडला. आता काकूंचा संशय दुसऱ्याच दिशेला वळला.

"म्हणजे हा कोणालाही उघडतो!" त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. नाही. काकांसमोर धरला. नाही. नेत्राचं नाक आजीवर गेलंय, म्हणून तिलाही ओढून आणलं. नाही.

"आजी, इट नोज यू," नेत्रा म्हणाली आणि आपल्या पट्ट्या मागून घेतल्या.

काकूंनी फोन उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "पण जतकर, तिथे खिडकीत माणूस बसतो. फोन नाही."

काका समोरच्या खुर्चीत बसले, गुडघा चोळला.

"मी येतो बरोबर."

"तुमचे गुडघे?"

"खोलीत बसवलं तर बसायचंच आहे ना? त्याला गुडघे लागत नाहीत. दोघं बसू."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू कधी म्हणालीस, या म्हणून?"

"म्हणावं लागतं का?"

दुसऱ्या दिवशी यतीनदादांनी दोन तिकिटं काढली.

दोघं गेल्यावर साडेतीन आठवड्यांनी, फेब्रुवारीतल्या हाडं गोठवणाऱ्या दुपारी, मी विमानतळावर त्यांना घ्यायला गेलो. दोन तास थांबायची तयारी ठेवून थर्मासात चहा नेला होता. झाकण उघडतोय तोच काका ट्रॉली ढकलत बाहेर आले. मागे काकू. उजवी भुवई शाबूत, डावी कानाकडे निघालेली. चेहरा संतापाने लाल.

मी घाबरलो. "काय झालं? बसवलं?"

"नाही."

"मग?"

"कार्ड घेतलं. कॅमेऱ्यात बघा म्हणाला. लोणचं आहे का विचारलं, वेलकम बॅक म्हणाला, झालं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!"

"एक मिनिटही लागलं नाही," काका खुशीत म्हणाले.

"दोन वर्षं कोरतेय मी. माणसाने निदान नजर तरी टाकावी!"

गाडी हायवेला लागल्यावर काकूंनी पर्समधून रुमाल काढला, डावी भुवई पुसली, मग उजवीही. अक्काला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, अक्का रडली, कार्यक्रम छान झाला, एवढं तुटक सांगितलं. मग समोरच्या सीटवर बसलेल्या काकांच्या टकलाकडे त्यांनी बघितलं.

"हे बरोबर होते म्हणून," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे बरोबर होते म्हणून सोडलं. यांच्या तोंडाकडे बघून कोणाला संशय येणार आहे? यात काही सिद्ध होत नाही." त्यांनी रुमालाची घडी घातली. "दिवाळीत एकटी जाऊन येते. तेव्हा कळेल."