क्लेल बेतून द्यायचा ती खोगिरं

क्लेल सदरली झाडावरून पडला तेव्हा चाळिशीचाही नव्हता. हरणांच्या मोसमात पहाटे धनुष्य घेऊन ओकवर चढत होता, पाय निसटला. दोर बांधलेला नव्हता. कमरेखालचं अंग लुळं पडलं, तिथली जाणीवही गेली. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या खोऱ्यात अशी माणसं पुढे दारूला लागतात. क्लेल मात्र चाकाच्या खुर्चीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकारीची खोगिरं बेतून द्यायला लागला.

हे खोगीर म्हणजे पट्ट्यांची झोळी. ती कमरेला बांधायची, दोराने खोडाशी जोडायची, पाय खोडाला अडकवलेल्या फळीवर टेकून मागे रेलायचं आणि हरणाची वाट बघायची. क्लेल आम्हाला अंगणातल्या मेपलवर, जमिनीपासून वीतभर उंचीवरच टांगायचा.

"दोर कपाळाच्या उंचीला बांध, हॉबर्ट. पट्टी खाली सरकव, बुडाखाली. आता सांग, कुठे रुततंय?"

"कुठेच नाही."

"मग तोंड का असं, लिंबू चावल्यासारखं?"

रुततंय असं मी कबूल केलं की तो पुढची दोरी बोटभर आखूड करायचा, पुन्हा टांगायचा. चढताना दोर न बांधणाऱ्याला मात्र शिव्या घालायचा, आणि त्या खऱ्या असायच्या.

एका ऑक्टोबरात तो मुलीला, लीटाला म्हणाला, "मलाही टांग."

"वेड लागलंय का तुला?" बायको वर्ना स्वयंपाकघरातून ओरडली.

"अगं, इथेच अंगणात. एकदा रेलू तर दे."

शेवटी तीच "बरं, टांगा" म्हणत बाहेर आली. लीटाने आणि मी त्याला कप्पीने वर ओढलं. पाय फळीवर ठरेनात, म्हणून गुडघे मऊ फडक्याने खोडाला बांधले. पट्ट्या त्याने स्वतःच्या हाताने बसवल्या. मागे रेलला, वर फांद्यांकडे बघितलं, आणि हसायलाच लागला.

"वर्ना, बघ तरी! धुरीघरात डुकराची मांडी टांगल्यासारखा दिसतोय ना मी?"

दुपारभर खाली उतरायला तयार नव्हता. वर्नाने घेवडा आणि मक्याचा पाव आणला, तोही त्याने टांगलेल्या अवस्थेतच खाल्ला.

संध्याकाळी त्याचं अंग पुसताना तिला मांडीखाली जांभळा वळ दिसला. पट्टी रुतली होती. त्याला काही कळलंच नव्हतं. वळाची जखम झाली, जखम हाडापर्यंत गेली. थंडीत ताप चढला तो उतरला नाही.

इस्पितळात लीटा रडत होती. तिचा हात धरून तो म्हणाला, "पट्टी मीच बसवली होती. तू स्वतःला दोष देऊ नकोस, कळलं?"

बर्फ वितळायच्या आत तो गेला.

लीटा वसंतात ओहायोला गेली, गोदामात कामाला. वर्ना एकटी असते. रविवारी चर्चनंतर मी जातो, ती कॉफी ठेवते. बरेच दिवस आम्ही हवापाण्याचंच बोलायचो.

परवा ती कप विसळता विसळता म्हणाली, "नाही म्हणायला हवं होतं रे मी."

मी फडकं घेऊन कप पुसायला लागलो. नळ चालूच होता.

"पण किती हसला होता," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "खूप हसला होता."