दोन सारसांचं ताट

बँकेतून रिटायर झाल्यावर माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, जुन्या चिनी-जपानी भांड्यांचं वेड लागलं. तंजावरच्या त्याच्या घरात बसायला जागा उरली नाही, सगळीकडे काचेची कपाटं. निळ्या फुलदाण्या, लाल-सोनेरी बशा, कान तुटलेली ड्रॅगनची किटली. पाहुण्याला कॉफी मात्र स्टीलच्याच पेल्यात. भांडं उपडं करून, भिंग लावून तो तळाचा शिक्का तासभर बघतो. आजोबांच्या मोडीतली एक ओळ त्याला लागत नाही, पण जपानी शिक्का कळतो म्हणे. मी मनात हसायची आणि गप्प बसायची.

अम्मा गेल्यावर जुनं घर रिकामं करताना मागच्या पडवीच्या कोनाड्यात त्याला एक ताट सापडलं. निळे दोन सारस, मध्ये देवदार, काठाला टवका. गेल्या महिन्यात त्यानं ते पाहायला चेन्नईचे चार हौशी बोलावले आणि वडे तळायला मला. ताटाखाली इंग्रजी पट्टी होती: राजवाड्यातल्या पंगतीचं ताट. आमचे पूर्वज त्यात कसे जेवत, हेही त्यानं रंगवून सांगितलं. चौघांनी माना डोलावल्या.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात चिनी मातीत कुणी जेवत नसे, ते बाटलेलं समजत. म्हणूनच ते ताट एका कामाला ठेवलं होतं. महिन्याचे चार दिवस अम्मा मागच्या पायरीवर दूर बसायची, तेव्हा तिला त्यात वरून भात टाकत. पुढे मलाही. मुलग्यांनी तिकडे फिरकायचं नसे. अण्णा फिरकला नाही, आणि चार दिवस अम्मा कुठे जाते हे त्यानं जन्मात विचारलं नाही.

पाहुणे गेले. तो ताट मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं पुसत होता.

"अण्णा, ती पट्टी काढ," मी म्हणाले.

"का गं?"

"अम्मा दूर बसली की त्यात जेवायची. मीसुद्धा. तेवढं लिही पट्टीवर."

त्याचा हात ताटावरून झटकन मागे आला. मांडीवरचं ताट त्यानं गुडघ्यानंच चटईवर सरकवलं. आपल्या भांड्यांना कुणाला बोट लावू न देणारा हा माणूस, सत्तरीला आलेला.

मी ताट उचलून पिशवीत घातलं. अडवायचं तर ताटाला नाहीतर मला शिवावं लागलं असतं. त्यानं अडवलं नाही.