खालच्या पायरीवर बसणाऱ्या हवालदारबाई

कुणी आरडाओरडा करत असेल, तर आमच्या हवालदारबाई आधी टोपी काढून काखेत धरत आणि त्या माणसापेक्षा एक पायरी खाली बसत. मग म्हणत, "घाई कोणाला आहे? मला तर नाही." पोलिसाच्या तोंडी हे वाक्य तुम्हीही क्वचितच ऐकलं असेल.

मुलांनो, तुम्ही दोघं इतक्या लांब आहात की मोहन्यातली आपली इमारत तुम्हाला फोटोतच माहीत. तिसऱ्या मजल्यावर विलास राहायचा. वय चाळीस, घरात तो आणि आई. गोळ्या चालू असल्या की जिन्यात माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन वर आणून द्यायचा. गोळ्या सुटल्या की त्याला माणसं नसताना आवाज ऐकू येत.

एकदा तो लोखंडी गज घेऊन गच्चीच्या जिन्यात बसला. पाण्याच्या टाकीकडे कुणाला जाऊ देईना. मी पोलिसांना फोन केला. चार शिपाई काठ्या घेऊन आले. मागून बाई आल्या.

"जा रे, खाली चहा घ्या. इथे गर्दी नको," असं म्हणून त्यांनी चौघांना परत पाठवलं आणि विलासच्या खालच्या पायरीवर बसल्या. मी दाराच्या फटीतून ऐकत होते.

"ताई, पाण्यात विष टाकलंय," विलास म्हणाला.

"कधी?"

"सकाळी."

"मी आत्ताच तुझ्या आईकडे ग्लासभर प्यायले की."

त्याने त्यांना नीट न्याहाळलं. "पोलिसांना विष चढत नाही."

"ते खरंय. आमच्या मेसचं जेवून सवय झालेली असते."

विलास हसला. पण गज काही सोडला नाही. दोन तास त्या तिथेच बसल्या. शेवटी उठायला गेल्या तर गुडघे धरले होते, उठवेना. तेव्हा विलासनेच गज भिंतीला टेकवला आणि त्यांना हात दिला. जाळीची गाडी न आणता, साध्या गाडीत आईला शेजारी बसवून त्या त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयात घेऊन गेल्या.

निघताना मला म्हणाल्या, "काकू, फोन करताना आधी सांगायचं, माणूस आजारी आहे. तुम्ही 'मारामारी' म्हणालात. पोरं ते ऐकून निघाली, की पोचल्यावर त्यांना मारामारीच दिसते."

चौकीत त्यांचे सहकारी त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवत. "फी आणलीत का?" एवढंच त्या विचारत. हे सगळं कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. "शिकवलं कुणी नाही. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका आजारी माणसाला आम्ही चौघांनी मिळून धरला. हात मोडला त्याचा. आम्हाला वाटलं शिव्या देतोय. तो आईला हाका मारत होता."

पुढे त्यांची बदली झाली. काही महिन्यांनी विलासच्या गोळ्या पुन्हा सुटल्या. त्याने वॉचमनला ढकललं, वॉचमनचं डोकं फाटकावर आपटलं, टाके पडले. सोसायटीची मीटिंग भरली. जन्मभर कचेरीतली इंग्रजी पत्रं मी लिहिली, त्यामुळे सेक्रेटरी माझ्याकडेच वळले. "मॅडम, इंग्रजीत लिहा. आणि कडक लिहा. मिळमिळीत अर्ज बाजूला पडतो."

संध्याकाळी विलासची आई आली. दारातच उभी राहिली. "वहिनी, त्याच्या डोक्याचं काही लिहू नका. माझ्या लेकीच्या मुलीला बघायला रविवारी डोंबिवलीचे लोक येतायत. कागदावर आलं की झालं."

मला ते पटलं. मुलीच्या लग्नात मोडता घालणारी मी कोण? आजाराचा उल्लेख मी गाळला. तो गाळल्यावर अर्ज हलका वाटू लागला, म्हणून वजन आणायला 'वारंवार हिंसक' आणि 'रहिवाशांच्या जिवाला धोका' अशा अर्थाचे शब्द घातले. वाक्यं छान जमली होती. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली माझी.

त्या कागदात धडधाकट गुंड होता. पोलीस विलासला न्यायला आले आणि गुंडाला नेतात तसंच त्याला नेलं. कोर्टात आईनेही आजाराचं सांगितलं नाही. विलास तुरुंगात गेला. त्याला गोळ्या लागतात हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं.

हवालदारबाईंना हे कुठून तरी कळलं. सुट्टीच्या दिवशी साडी नेसून त्या माझ्याकडे आल्या आणि अर्जाची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"काकू, हे तुमचं इंग्रजी ना?"

"हो."

"चांगलं आहे. यात आजारी माणूस कुठे आहे?"

मी लग्नाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे वाचून मीसुद्धा काठी घेऊनच निघाले असते."

पुढचं सगळं त्यांनी केलं. रुग्णालयातले जुने कागद काढले, सरकारकडून फुकट मिळणारी वकील गाठली, आईला सहीसाठी तयार केलं. डोंबिवलीच्या लोकांनी तोवर पत्रिकेचं कारण सांगून नकार दिला होता. दुसरा अर्ज मी लिहिला, साध्या मराठीत. कोर्टाने विलासला मनोरुग्णालयात पाठवलं. पण मधे सात आठवडे गेले होते.

तो अर्धा झाला होता. पुढचे दोन दात नव्हते. ते कसे गेले, हे कुणी सांगितलं नाही. बाई ड्यूटीवरून तशाच भेटायला गेल्या, तर खाकी बघून तो पलंगाखाली शिरला. पुढच्या वेळी साडीत गेल्या. त्याने आवाज ओळखला आणि कान दाबून धरले.

तिसऱ्या वेळी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. आईने दिलेला डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः व्हरांड्यात खांबामागे थांबल्या. मी डबा विलासपुढे ठेवला. तो डब्याला हात लावेना.

"ती पोलीसबाई गेली का?"

"हो, गेली."

"नक्की?"

"नक्की."

मग त्याने झाकण काढलं आणि भराभर खायला लागला. मला खांबाआडचा पदर दिसत होता. विलासचं जेवण संपेपर्यंत तो पदर हलला नाही. मग बाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि पायांचा आवाज न करता जिन्याकडे गेल्या.