सत्काराशिवाय तास सुरू होत नाही

आमच्याकडं सत्काराशिवाय काहीच सुरू होत नाही. बोअरला पाणी लागलं की सत्कार, सोसायटीचा चेअरमन बदलला की सत्कार. मी इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला निघालो, तेव्हा तर अणदूरच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला. शुभेच्छुकांचे फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठे होते, पण फ्लेक्स माझा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, आणि कुणाच्या मेहेरबानीवर झालो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निघताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बॅगेत टॉवेल-टोपी घातली. पांढराशुभ्र टॉवेल आणि कडक इस्त्रीची पांढरी टोपी.

"तिथल्या मोठ्या माणसाला आहेर कर. रिकाम्या हातानं जाऊ नगंस."

"आप्पा, तिथं असल्या टोप्या कुणी घालत न्हाय."

"मग? घालत असते तर त्यांच्याकडं असतीच की. तुला कशाला दिली असती?"

आप्पांच्या तर्कापुढं बी.ए. चालत नाही.

तिकडच्या विमानतळावर मला बोलावणाऱ्या इंग्रजीच्या क्लासच्या मालकीणबाई माझ्या नावाची पाटी धरून उभ्या होत्या. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो, तरी त्या माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या. मागून कुणी गोरा येतोय का, याची वाट. कुणी आलं नाही. चूक त्यांचीही नव्हती. अर्जावरचा माझा फोटो नळदुर्गच्या फोटोवाल्यानं काढला होता, आणि तो गिऱ्हाईकाला खूश करायला उजेड जरा सढळ हातानं टाकतो.

गाडीत बसल्यावर बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही थोडे दिवस लंडनचे होऊ शकाल का?"

"नाही," मी म्हणालो. "मी धाराशिव जिल्ह्याचा आहे."

"मग शनिवारचा तास बघू," त्या म्हणाल्या.

शनिवारी पालकांसमोर तास घ्यायचा होता. त्यांना पटला तर नोकरी, नाही पटला तर परतीचं तिकीट. परत येणाऱ्या माणसाला स्टँडवरच उतरावं लागतं, आणि फ्लेक्स काढायची आमच्याकडं पद्धत नाही. तो फाटेपर्यंत राहतो.

शेजारच्या वर्गात एक गोरे मास्तर होते. कुठल्या देशाचे ते त्यांनी नीट सांगितलं नाही. आमचं बोलणं झालं तेव्हा त्यांचं इंग्रजी मला दोनदा मनातल्या मनात दुरुस्त करावं लागलं. पण पालकांनी त्यांची कधी परीक्षा घेतली नव्हती. त्यांचं तोंड हीच त्यांची डिग्री होती.

शनिवार आला. मागं पालक, मधी पोरं, आणि पुढच्या खुर्चीत बाईंचे वडील. ते वरच्या मजल्यावर राहायचे, इमारत त्यांची होती, आणि सगळ्यांत वडीलही तेच होते. मला आणखी काय पाहिजे? एवढी सभा जमलीय आणि वडीलधाऱ्या माणसाचा मान न करता मास्तरानं फळ्याकडं वळायचं, हे आमच्या रक्तात नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, आणि टाळ्या वाजवल्या.

टाळ्या माझ्या एकट्याच्याच वाजल्या.

एका आईनं आपल्या पोराचे डोळे झाकले. बाई भिंतीला टेकल्या. म्हातारे हलेचनात. शेवटी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली, "सर, कोण मेलं?"

"कुणी नाही. का?"

"आमच्या घरी कुणी मेलं, मग डोक्याला पांढरं."

आता टोपी काढून घ्यावी, तर आमच्याकडं घातलेली टोपी परत घेणं म्हणजे पिढ्यांचं वैर. राहू द्यावी, तर इथं जित्या माणसाचं सुतक. मी इंग्रजीत सांगितलं, "आमच्याकडं लग्नात घालतात. मान म्हणून."

"आणि कुणी मेलं तर?" मागचा एक पोरगा.

"तेव्हाही."

"मग लग्न की मेलं, कसं कळतं?"

असा प्रश्न मला विद्यापीठानंसुद्धा विचारला नव्हता. "लग्नात लोक जेवणावरून भांडतात," मी म्हणालो.

"आमच्याकडं मेलं तरी भांडतात!" मुलगी म्हणाली, आणि पोरं हसत सुटली. मग एकेकाला कंठ फुटला. तुमचे बाबा घालतात का? रोज. शेतात पण? शेतात पण. भीती वाटत नाही? फक्त आईची वाटते. माझा धडा होता प्राणिसंग्रहालयावर. एकाही प्राण्याचं नाव निघालं नाही.

ती मुलगी हे सगळं म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगत होती. त्यांनी शांतपणे टोपी उतरवली, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि लेकीकडं बघून काहीतरी बोलले.

तास संपल्यावर बाईंनी ऑफिसात बोलावलं. "वडील म्हणतात, आम्ही एवढे पैसे मोजून आणलेल्या गोऱ्या मास्तरासमोर पोरं तोंड उघडत नाहीत. तुमच्यासमोर भांडायला लागली. पालकांचंही तेच म्हणणं. सोमवारपासून या. पण कुणाच्या डोक्यावर काहीही ठेवायचं नाही."

"ठेवणार नाही."

"बाहेरच्या बोर्डावर तुमचा फोटो लावू. खाली लंडन…"

"धाराशिव."

"ते इथं कोण वाचणार?"

"मी वाचेन की रोज येता-जाता."

बाईंनी उसासा टाकला आणि पेन माझ्याकडं सरकवलं. धाराशिव इंग्रजीत कसं लिहायचं, ते त्यांना येत नव्हतं.